पास्त्याचे मोठे शिंपले न फाटता कसे भरावेत?

शिंपल्याच्या आकाराच्या मोठ्या पास्त्याला इटालियन भाषेत 'कोंकिल्योनी' म्हणतात. बाजारात तो 'जम्बो शेल्स' या नावाने मिळतो. त्यात रिकोटा चीज आणि पालकाचे सारण भरून तो टोमॅटो सॉसमध्ये बेक करतात. अमेरिकेतील इटालियन वंशाच्या कुटुंबांत हा पदार्थ विशेष रुळला आहे. मात्र सारण भरताना शिंपले फाटतात, ही नेहमीची तक्रार. दोष हाताला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक आधीच, उकळत्या पाण्यात झालेली असते.

शिंपले का फाटतात?

सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून बनतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. या गव्हातील प्रथिनांची जाळी तयार होते आणि तिच्यात स्टार्चचे कण अडकून राहतात. उकळताना हे कण पाणी शोषून फुगतात. जाळी शाबूत असेपर्यंत पास्ता मऊ, तरीही चिवट राहतो. जास्त शिजला की जाळी सैल होते, स्टार्च पाण्यात उतरतो, शिंपले चिकट होतात आणि त्यांच्या कडा जराशा ताणानेही फाटतात.

उकळताना

* १०० ग्रॅम पास्त्यासाठी सुमारे १ लिटर पाणी घ्यावे. भांडे रुंद असावे. दाटीत शिंपले एकमेकांत अडकतात.
* पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा २ ते ३ मिनिटे आधी गॅस बंद करावा. उरलेले शिजणे ओव्हनमध्ये सॉसच्या ओलाव्यावर होते. एक शिंपला कापून पाहावा. मधोमध पांढुरकी रेघ दिसली, तर तो योग्य टप्प्यावर आहे.
* पाण्यात तेल घालून फारसा उपयोग नाही, ते वरच तरंगते.
* २० शिंपले भरायचे असतील तर ४-५ जास्त उकळावेत. काही शिंपले पाकिटातच तडकलेले असतात.

निथळताना

सगळे एकदम चाळणीत ओतल्यास ते एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी झाऱ्याने उचलून गार पाण्यात सोडावेत. एरवी शिजलेला पास्ता धुऊ नये असे सांगतात, कारण वरच्या स्टार्चमुळे सॉस धरून राहतो. इथे मात्र शिजणे लगेच थांबवणे महत्त्वाचे असते. नंतर तेलाचा हात लावलेल्या ताटात तोंड खाली करून, एकमेकांना न चिकटतील असे ठेवावेत.

सारण

घट्ट किंवा गोळे असलेले सारण दाबून भरावे लागते, आणि त्या दाबाने शिंपला उकलतो. पालक वाफवून घट्ट पिळावा व बारीक चिरावा. रिकोटाऐवजी पनीर वापरायचे असल्यास ते थोड्या दुधासोबत मिक्सरमधून काढावे. सारण फ्रिजमधून काढून थेट भरू नये. ते सामान्य तापमानाला आले की सैल होते.

भरताना

जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सारण घालून एक कोपरा कापावा आणि मेंदीच्या कोनासारखी ती वापरावी. शिंपला तळहातावर घेऊन त्याची दोन्ही टोके अंगठा व तर्जनीने हलकेच एकमेकांकडे दाबावीत. तोंड आपोआप उघडते. कडा बोटांनी बाजूला ओढू नयेत. शिंपला पाऊण भरला की थांबावे, कारण बेक होताना सारण थोडे फुगते.

बेक करताना

ट्रेमध्ये आधी सॉसचा थर द्यावा, त्यावर शिंपले तोंड वर करून जवळजवळ मांडावेत आणि कडा झाकतील इतका सॉस वरून घालावा. उघड्या राहिलेल्या कडा कडक होतात. फॉइलने झाकून १८० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे ठेवावे.

एखादा फाटलाच, तर तो टाकून देऊ नये. भरून दोन चांगल्या शिंपल्यांच्या मध्ये बसवावा. शेजारचे त्याला धरून ठेवतात आणि वरच्या सॉसखाली चीर दिसत नाही.