फायरवॉल : बॅकअप आणि रिस्टोअर

फायरवॉलमधले नियम कमांड देऊन फाइलीत उतरवणे म्हणजे बॅकअप. तीच फाइल पुन्हा फायरवॉलवर चढवणे म्हणजे रिस्टोअर. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातच अडवायचे, हे सांगणाऱ्या ओळी वर्षानुवर्षे एकेक करून साचत जातात. यंत्र जळाले, तर त्या आठवून पुन्हा लिहिणे कोणालाच जमत नाही.

उदाहरणार्थ, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. एवढ्या मोठ्या प्रकल्पांत इन्व्हर्टर, मीटर आणि नियंत्रण कक्ष नेटवर्कने जोडलेले असतात, आणि त्या नेटवर्कला बाहेरच्या जगापासून फायरवॉल वेगळे ठेवते.

लिनक्सवर बॅकअपचे काम ‘आयपीटेबल्स-सेव्ह’ ही कमांड करते. त्याची फाइल साध्या मजकुराची असते: आधी तारांकन आणि तक्त्याचे नाव, मग प्रत्येक साखळीचे मूळ धोरण, त्याखाली नियम आणि शेवटी ‘कमिट’. ‘आयपीटेबल्स-रिस्टोअर’ हा ‘कमिट’ वाचल्यावरच अख्खा तक्ता एका दमात बदलते. त्यामुळे निम्मे नियम जुने, निम्मे नवे अशी अवस्था येत नाही. ‘टेस्ट’ हा पर्याय दिला, तर फाइल नुसती तपासली जाते. मात्र नियमांत आयपीसेटच्या, म्हणजे पत्त्यांच्या, याद्या वापरल्या असतील, तर त्या या फाइलीत उतरत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि रिस्टोअर करताना त्या आधी चढवाव्या लागतात. घाईच्या वेळी नेमके हेच विसरले जाते.

खरी कसोटी दुरून काम करताना लागते. धुळ्यात बसून साक्रीच्या यंत्रावर फाइल चढवली आणि तिच्यात दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचला परवानगी देणारी ओळच नसली, तर चढवणाराच बाहेर राहतो. मग गाडी काढून सुरत महामार्गाने साक्री गाठायची. यावर ‘आयपीटेबल्स-अप्लाय’चा उपाय फार मोलाचा आहे. नवे नियम लावल्यावर ते होकाराची वाट पाहते; ठरावीक वेळेत, एरवी १० सेकंदांत, होकार आला नाही तर जुने नियम आपोआप परत येतात. ज्युनिपर कंपनीच्या यंत्रांवर याच कामासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे. तिथे एरवीची मुदत १० मिनिटांची.

अनेक कंपन्यांच्या फायरवॉलच्या बॅकअप फाइलीत व्हीपीएनच्या किल्ल्या आणि पासवर्डही येतात, म्हणून ती कूटबद्ध करून त्या यंत्राबाहेर ठेवतात.