द्रवस्फटिकाची कथा



विद्यार्थ्याचे गणकयंत्र, मनगटावरचे घड्याळ आणि घरातील सपाट दूरदर्शन संच यांच्या पडद्यांत बहुधा एकच पदार्थ असतो : द्रवस्फटिक. शोध लागल्यावर ऐंशी वर्षे त्याचा पडदा कोणी केला नव्हता.

१८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनिट्झर यांना गाजरातील कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापविताना नवल दिसले. ते १४५.५ अंशांवर वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांवर स्वच्छ. तो गढूळ द्रव पाण्यासारखा वाहतो, पण प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो, हे ओटो लेमान यांनी ओळखले. तेरेखोलच्या प्रवाहात गवताच्या काड्या जशा एकाच दिशेस तोंड करून वाहतात, तसे अशा द्रवातील लांबट रेणू राहतात.

१९६८ साली अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने पहिला पडदा जाहीर केला. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये शाट व हेल्फ्रिश यांनी अधिक चांगली रचना साधली. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा केसाहून बारीक थर, बाहेरून प्रकाश गाळणारे दोन पापुद्रे. एकाचे जणू गज उभे, दुसऱ्याचे आडवे. एकातून आलेला प्रकाश दुसऱ्यात अडावयाचा. पण मधले रेणू गोल जिन्यासारखा पाव फेरा घेऊन त्यासही वळवितात. विजेचा दाब देताच रेणू ताठ होतात, जिना मोडतो, तेथे काळोख पडतो. अशा लक्षावधी ठिपक्यांवर तांबडी, हिरवी, निळी गाळणी आणि मागे दिवा, की रंगीत चित्र उमटते.

मात्र बाजूने पाहता चित्र फिके दिसे. हे वैगुण्य घटविण्यास उपयोगी पडलेला शोध आपल्या देशातला. नागपूर विद्यापीठाचे एम्. एस्सी. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे व शिष्य. १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत सदाशिव व सुरेश यांच्यासह त्यांनी दाखविले, की चकतीसारखे रेणूही नाण्यांच्या चळतीप्रमाणे रचले जाऊन द्रवस्फटिक होतात. १९९० नंतर जपानच्या फूजीफिल्म कंपनीने चकतीरेणूंचा पातळ थर पडद्यावर बसविला आणि बाजूला बसलेल्यासही चित्र नीट दिसू लागले.

‘हे शिकून उपयोग काय?’ हा प्रश्न शिक्षकास नित्य ऐकावा लागतो. गाजराच्या संयुगाने पडद्याच्या रूपाने उत्तर द्यावयास ऐंशी वर्षे घेतली, चकत्यांनी सुमारे वीस. चंद्रशेखरांनी त्या शोधल्या तेव्हा पडद्याची मागणी कोणी त्यांच्यापुढे ठेवली नव्हती. आपल्या मुलामुलींच्या निरुद्योगी वाटणाऱ्या जिज्ञासेस आपण थोडा अवधी द्यावा, एवढेच सांगणे.