अंधारीतली बंदूक : घर राखायला शस्त्र आखूड हवे की लांब?

१/
दौलताबादचा किल्ला पाहिलेल्या प्रत्येकाला ‘अंधारी’ आठवते. खंदकावरचा अरुंद पूल ओलांडला की कातळात कोरलेला हा काळोखी, वळणावळणाचा चढता मार्ग सुरू होतो. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि दोन माणसे शेजारी-शेजारी चालू लागली तर अडचण होते. आता त्याच मार्गाने खांद्यावर पाच फुटांची तोड्याची बंदूक घेऊन चढणाऱ्या सतराव्या शतकातील शिपायाची कल्पना करा. आजचा धागा या कल्पनेवर उभा आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

२/
निमित्त मात्र अगदी आधुनिक आहे. बंदुकांच्या हौशी जगात, मुख्यतः अमेरिकेत, एक वाद वर्षानुवर्षे रंगतो : घराच्या रक्षणासाठी नेहमीची पंप बंदूक चांगली की ‘बुलपप’ घडणीची? आपल्याकडे हा वाद बहुधा व्हिडिओ गेममधून पोहोचतो. तरुण मित्र विचारतात, म्हणून आधी दोन्हींचा अर्थ पाहू आणि मग पुन्हा देवगिरीकडे वळू.

३/
पंप बंदुकीत पुढच्या हाताखालची मूठ मागे-पुढे सरकवली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत चढते. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून निघालेली विंचेस्टर १८९७ ही या जातीची गाजलेली बंदूक. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तिची २० इंची नळीची आवृत्ती खंदकांत वापरली. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने या छऱ्याच्या बंदुकीविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. विषारी वायू वापरून झालेल्या राष्ट्राने छऱ्यांना अमानुष म्हणावे, हा त्या युद्धातला एक विनोदच म्हणायचा.

४/
बुलपप ही युक्ती वेगळी आहे. साध्या बंदुकीत चाप मागे असतो, काडतूस उडण्याची जागा त्याच्या पुढे, आणि खांद्याशी टेकणारा दस्ता नुसता लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा असतो. बुलपपमध्ये चाप पुढे आणून सारी यंत्रणा त्या दस्त्यातच बसवतात. नळी तेवढीच राहते, पण एकूण लांबी कमी होते. ब्रिटनमध्ये १९०१ साली थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइन याच विचाराने तयार झाली. ती तत्कालीन ली-एनफील्ड रायफलीपेक्षा साडेसात इंचांनी आखूड होती. सैन्याने ती नाकारली, कारण धक्का फार बसे आणि हाताळणी गैरसोयीची होती.

५/
आकडे पाहू. रेमिंग्टन ८७० ही नेहमीच्या घडणीची पंप बंदूक १८ इंची नळीसह सुमारे साडेअडतीस इंच भरते. केल-टेक कंपनीची केएसजी ही बुलपप पंप बंदूक साडेअठरा इंची नळी असूनही २६.१ इंचांची आहे. हा २६.१ चा आकडा काही योगायोगाने आलेला नाही. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने छऱ्याच्या बंदुकीची एकूण लांबी २६ इंचांखाली गेली तर कडक नोंदणी लावली आहे. कारागिराने कायद्याच्या उंबरठ्यावर नेमके पाऊल ठेवले.

६/
म्हणजे सारा वाद सुमारे एका फुटाचा. त्या एका फुटाची किंमतही मोजावी लागते. चाप पुढे आणि यंत्रणा मागे असल्याने दोहोंना जोडणारी लांब दांडी लागते, त्यामुळे चापाची ओढ बोथट वाटते. बार कानाजवळ होतो. काडतुसे भरायची तर बंदूक काखेशी वळवून धरावी लागते. पुढची मूठ नळीच्या तोंडाजवळ येते, आणि घाबरलेल्या माणसाचा हात निसटला तर तो कुठे जाईल हे सांगायला नको. बुलपपचे समर्थक एवढेच म्हणतात : घरात दारे असतात, बोळ असतात, जिने असतात, तिथे लांब नळी अडते.

७/
आता देवगिरी. अंधारीत नेमके हेच घडावे म्हणून ती कोरली आहे. बंदूक आडवी धरावी तर भिंतीला लागते, उभी धरावी तर छताला. तोड्याच्या बंदुकीचे आणखी एक दुखणे होते : पेटता तोडा. काळोखात त्याचा निखारा वर दबा धरून बसलेल्याला आधी दिसणार. बचाव करणारा मात्र वरच्या टोकाला एका जागी बसलेला. त्याला कुठेही वळायचे नाही, की दार ओलांडायचे नाही. त्याचे शस्त्र कितीही लांब असो, बिघडत नाही.

८/
माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. शस्त्राची लांबी जाचते ती चालून येणाऱ्याला. बसून राखणाऱ्याला ती जाचत नाही.

९/
मराठवाड्यातील गढ्या पाहा. वेरूळला मालोजीराजे भोसले यांच्या गढीचे अवशेष आहेत, आणि गावोगावी पांढऱ्या मातीच्या ढासळत्या गढ्या आजही दिसतात. त्यांची रचना ठरलेली : जाड भिंत, कोपऱ्यांवर बुरूज, मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, आत अडसर, आणि लगेच पहारेकऱ्याची देवडी. दिंडीतून आत येणाऱ्याला वाकावेच लागते. वाकलेल्या माणसाला ना तलवार उपसता येते, ना बंदूक खांद्याला लावता येते. भिंतीत जंग्या असतात. जंगी म्हणजे आतून रुंद आणि बाहेर अरुंद होत जाणारे भोक. लांब नळीची बंदूक तिच्यात टेकवायची आणि नेम धरायचा. त्या काळच्या काळ्या दारूला गोळीला वेग द्यायला लांब नळी हवीच होती. घराने भिंतीत भोक ठेवून तिची सोय केली.

१०/
आणि आतल्या दालनात, जिथे हातघाई होणार, तिथे आखूड हत्यारे : कट्यार, बिचवा, जांबिया. आखूड बंदूकही आपल्याकडे अनोळखी नव्हती. जुन्या मराठीत ‘कडाबीन’ हा शब्द आहे. नळी आखूड, तोंड रुंद, जवळच्या माऱ्यासाठी. म्हणजे आखूड की लांब हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी एकाच शस्त्रावर सोडवला नाही. घराच्या एकेका भागाला वेगळे शस्त्र दिले.

११/
लष्करांचा इतिहास याला जुळतो. बुलपप रायफली खऱ्या अर्थाने रुजल्या त्या १९७० आणि ८० च्या दशकांत : ऑस्ट्रियाची ऑग, फ्रान्सची फामास, ब्रिटनची एसए-८०. कारण उघड होते. सैनिक चिलखती गाडीत दाटीवाटीने बसू लागला, उतरू लागला, पुन्हा चढू लागला. तो सतत फिरणारा माणूस, म्हणून आखूड शस्त्र. पण पुढे फ्रान्सने फामासच्या जागी नेहमीच्या घडणीची जर्मन एचके-४१६ घेतली, आणि चीननेही क्यूबीझेड-९५ या बुलपपकडून २०१९ मध्ये जगासमोर आलेल्या साध्या घडणीच्या क्यूबीझेड-१९१ कडे मोर्चा वळवला. सरकता दस्ता आणि आखूड नळी यांनी बरेचसे काम भागते, असे त्यांना वाटले असावे.

१२/
घरातला माणूस या दोहोंपैकी कोण? रात्री खडखड ऐकून खोल्याखोल्यांतून बंदूक पुढे धरून हिंडणारा चित्रपटातील नायक म्हणजे अंधारीत चढणारा शिपाई. प्रत्येक दारापाशी तो स्वतःहून आंधळ्या वळणात शिरतो. समोरच्या काळोखात चोर आहे, की पाणी प्यायला उठलेला घरचाच कोणी, हे त्याला दिसत नाही. त्याउलट घरची माणसे एका खोलीत गोळा करून, दाराला कडी लावून, ११२ ला फोन करून बसणारा माणूस म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. त्याला बारा इंच कमी करून काय मिळणार? त्याला हवा सरळ चाप, ओळखीची मूठ आणि कमी गुंता. म्हणून माझे मत नेहमीच्या घडणीच्या बाजूने.

१३/
अमेरिकी युक्तिवाद उचलताना आणखी एक भान हवे. तिथली बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि आतल्या भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या. गोळी भिंतीपलीकडच्या पाळण्यापर्यंत जाईल ही तिथली भीती खरी आहे. गुलमंडीतल्या जुन्या वाड्याची दगडमातीची भिंत काय किंवा सिडकोतल्या घराची विटांची भिंत काय, गणितच निराळे. तिथली चर्चा इथे जशीच्या तशी लागू करू नये.

१४/
आणि आपला कायदा? १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीयांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना सूट दिली. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे हा कायदा इथे थेट लागू नव्हता. आज देशभर १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या कलम १३ मध्ये आपल्या विषयाची एक नेमकी ओळ सापडते. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी नागरिकाने गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर परवान्याच्या त्या सोप्या तरतुदीसाठी नळी किमान २० इंच हवी. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखही तिथेच आहे.

१५/
गंमत पाहा : हा कायदा एकूण लांबीबद्दल बोलत नाही, नळीबद्दल बोलतो. बुलपपची सारी युक्ती नळी राखून लांबी घटवण्याची, म्हणजे तत्त्वतः ती या ओळीत बसू शकते. पण साडेअठरा इंची केएसजी दीड इंचाने बाहेर पडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि निवडणुकीच्या काळात अनेकांना तीही पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. खासगी संरक्षणाचा हक्क आहे : रात्रीच्या घरफोडीच्या प्रसंगी तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी या हक्कात बसवणे वकिलालाही अवघड जाते.

१६/
शेवटी पुन्हा किल्ल्यावर, कारण बसून राखणाऱ्याची बाजू मी जरा जास्तच उचलून धरली. अंधारीच्या करामती सांगताना वाटाडे रंगून जातात. पण देवगिरी पडली ती अंधारीतून कोणी चढून गेल्यामुळे नव्हे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जी आला तेव्हा रामदेवरायांची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर होती. गडावर घाईने चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फारसी तवारिखा सांगतात. १६३३ मध्ये महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरची अंबरकोटाची भिंत पाडली, आत उपासमार झाली, आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला खाली केला. त्या जूनमध्ये बालेकिल्ल्याची वाट जशी होती तशीच अभेद्य होती. कोठारात दाणा नव्हता.

१७/
पुढच्या वेळी गडावर गेलात तर अंधारीत मोबाइलचा दिवा क्षणभर विझवा आणि दोन्ही हात पसरून भिंती चाचपा. मग साडेअडतीस इंच आणि सव्वीस इंच हे अंतर हातांनीच मोजून बघा.