कापसासाठी आलेली शकुंतला



मागच्या बैठकीत हप्ता भरताना आमच्या एक काकू म्हणाल्या, "शकुंतला होती तवा माझी मेथी, सांभार मूर्तिजापूरच्या बाजारात जात होती. आता भाड्यातच नफा जाते." म्हणून आज शकुंतलेची गोष्ट.

नाव बाईचं असलं तरी ही गाडी आली कापसासाठी. यवतमाळ ते मूर्तिजापूर रूळ १९०३ साली सुरू झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरपर्यंत दुसरा फाटा निघाला. दोन्ही मिळून साधारण १९० किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, कारण असा मार्ग टाकायला खर्च कमी. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस जिनात जायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. मूर्तिजापूरला त्या गाठी उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्या लागत, कारण हे छोटे डबे मोठ्या रुळांवर चालत नसत. तिथून मुंबई बंदर आणि पुढे विलायतेतल्या गिरण्या. गंमत पाहा, मँचेस्टरला कापूस गेला आणि शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरहूनच आलं! १९२१ साली बनलेलं ते इंजिन १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेलचं आलं.

मार्ग एका इंग्रजी कंपनीचा. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हा मात्र कंपनीकडेच राहिला. गाडी चालवायची रेल्वेनं, रूळ कंपनीचे आणि त्याचा मोबदला कंपनीला. अशात रूळ दुरुस्त कोण करणार? रूळ खराब, म्हणून वेग कमी. काही ठिकाणी गाडी थांबवून कर्मचारी स्वतः उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे गेली की उघडायचे.

पण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. गाठोडं, टोपली, कडेवर लेकरू, सगळं डब्यात मावायचं. कापसासाठी आलेली गाडी अशी आपली झाली. आधी यवतमाळची फेरी थांबली, मग अचलपूरचीही. आता रुळांत बाभळी आहेत.

२०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, ते चांगलंच झालं. पण काकूंच्या गावात पहाटे एसटी येत नाही, आणि बाजार पहाटेच भरतो. पुढच्या बैठकीत चौघींनी मिळून मालाचा ऑटो ठरवायचा का, ते बघणार आहोत. काकूंनी हिशेबाची वही आणायची आहे.