'सीडी' केलं की आपोआप काय घडतं?

आज टर्मिनलमधल्या एका छोट्या सोयीचा इतिहास. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'सीडी' करून शिरलं, की त्याला लागणारं पायथन, रुबी किंवा नोड आपोआप लागू होतं. बाहेर पडलं की उतरतं. म्हणजे पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरावं आणि खिशातल्या किल्ल्या आपोआप बदलाव्यात, तसं. धुळ्यात मी शिकवतो त्या लॅबमध्ये एकाच लिनक्स मशिनवर बऱ्याच पोरांचे प्रोजेक्ट असतात. एकाचा कोड पायथन 2.7 वर अडकलेला, ज्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला. शेजारच्याला नवं पायथन हवं. तिथे ही सोय म्हणजे चैन नाही.

अडचण मुळातच आहे. 1979 साली बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यासोबत स्टीफन बॉर्न यांचा शेल आणि एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आले. शेल जो प्रोग्रॅम सुरू करतो, त्याला या व्हेरिएबलची नक्कल मिळते. मूळ प्रत नाही. पोराने आपल्या नकलेत 'पाथ' कितीही खोडला, तरी बापाच्या सातबाऱ्यावर फेरफार होत नाही. (हे उदाहरण दिलं की आमच्याकडे पटकन कळतं.) त्यामुळे 'पायथन बदलून दे' असा वेगळा प्रोग्रॅम लिहून भागत नाही, बदल शेलनेच स्वतःवर करून घ्यावा लागतो.

यावरची युक्ती जॉन फर्लानी यांनी 1991 मध्ये 'मॉड्यूल्स' या साधनातून मांडली. प्रोग्रॅमने स्वतः काही बदलायचं नाही. शेलला कळतील अशा आज्ञा फक्त छापायच्या, आणि शेलने त्या 'इव्हॅल' करायच्या. योगायोग बघा, त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा परम 8000 उभा राहिला. आज पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मवर गेलात, तर हवा तो कंपायलर मिळवायला 'मॉड्यूल लोड'च टाइप करता. पण हाताने.

2007 मध्ये इयन बिकिंग यांचं व्हर्च्युअलएन्व्ह आलं, तेही हातानेच चालू करायचं. आपोआपची हौस खरी फेडली ती 2009 च्या आरव्हीएमने. वेन सेगिन यांनी चक्क 'सीडी' हीच आज्ञा बदलली. फोल्डरमध्ये 'डॉट आरव्हीएमआरसी' फाइल दिसली की ती चालवायची. आणि ती फाइल म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट! कुणाचा तरी प्रोजेक्ट उतरवून घेतला, नुसतं आत डोकावलं, की त्याचा कोड तुमच्या नावाने चालणार. तुमच्या फाइली पुसल्या तरी पुसणारा माणूस कागदोपत्री तुम्हीच. पुढे आरव्हीएमने 'या फाइलवर विश्वास ठेवू का?' असं विचारायला सुरुवात केली.

2011 मध्ये सॅम स्टीफन्सन यांच्या आरबीएन्व्हने 'सीडी'ला हातच लावला नाही. 'पाथ'मध्ये सगळ्यात पुढे एक तोतया 'रुबी' बसवली. ती चालू फोल्डरपासून वर वर जात फाइल शोधते, आणि त्या फाइलमध्ये असतो फक्त आवृत्तीचा आकडा. मला हा उपाय जास्त सभ्य वाटतो. पण डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड वगैरे त्याने सुटत नाही.

ते सुटतं डायरेन्व्हने. प्रॉम्प्ट दिसण्याआधी दरवेळी तो 'डॉट ईएनव्हीआरसी' शोधतो, ती वेगळ्या बॅशमध्ये चालवतो आणि निघालेला फरक शेलला छापून देतो. म्हणजे 1991 चीच युक्ती. मात्र तुम्ही 'डायरेन्व्ह अलाउ' म्हणेपर्यंत फाइल चालत नाही. परवानगी फाइलच्या जागेला आणि मजकुराला बांधलेली असते, म्हणून 'गिट पुल'मध्ये एक अक्षर बदललं तरी पुन्हा विचारणा होते. पोरं वैतागतात, न वाचताच 'अलाउ' ठोकतात. मग विचारणा असून नसून सारखीच.

आमच्या लॅबमध्ये म्हणून आधी 'कॅट' करून फाइल बघायची, मग परवानगी. बहुतेक वेळा आत एकच ओळ असते, 'लेआउट पायथन'. 'कर्ल' दिसलं तर मात्र थांबायचं आणि मला हाक मारायची.