ए२००० घ्यावं की ए४०००? थ्रीडी, ड्रोन मोजणीच्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे वाचा

पुणे : तालुक्याच्या गावी घराचे थ्रीडी नकाशे, ड्रोन मोजणी, ॲनिमेशन नाहीतर मशीनच्या पार्टचं डिझाइन असं काम सुरू करणारी पोरं आता बरीच दिसतात. कॉम्प्युटर जुळवायची वेळ आली की गाडी एका ठिकाणी अडते, ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पुण्यात टिळक रोड, सदाशिव पेठ भागातल्या दुकानांत 'प्रोफेशनल कार्ड दाखवा' म्हटलं की एनव्हिडिया कंपनीची दोन नावं हमखास कानावर येतात, आरटीएक्स ए२००० आणि आरटीएक्स ए४०००. किमतीत जवळपास दुपटीचा फरक. भांडवल बहुतेकांचं मुद्रा कर्जातलं. शिशु गटात ५० हजारांपर्यंतच मिळतात, त्यात असं मशीन पूर्ण होत नाही, म्हणजे किशोर गटात जायचं आणि हप्ता मोठा घ्यायचा. त्यामुळे हा फरक नेमका कशाचा आहे ते पैसे मोजायच्या आधी समजलेलं बरं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे शहरातल्या पोरांचं गेमचं खेळणं, असं आपल्याकडे अजून बरेच जण समजतात. तसं नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या सिग्नलची आकडेमोड ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या कॉम्प्युटरवर होते. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' २०२० मध्ये जगातल्या सुपर कॉम्प्युटरच्या यादीत ६३ वा आला, त्यातही एनव्हिडियाचीच कार्डं आहेत. आणि पुरंदरच्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजणीचा जो प्रयोग झाला, तेच काम पुढे २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून देशभर गेलं. ड्रोनने काढलेले शेकडो फोटो जोडून एक नकाशा करायचा, तर तिथंही याच कार्डांचा उपयोग होतो.

कागदावरचा फरक

दोन्ही कार्डं २०२१ सालची, एकाच पिढीची. ए२०००मध्ये ३,३२८ कोअर आहेत, ए४०००मध्ये ६,१४४. मेमरी ए२०००ला ६ किंवा १२ जीबी, ए४०००ला १६ जीबी. मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग ए२०००चा सेकंदाला २८८ जीबी, तर ए४०००चा ४४८ जीबी. वीज ए२००० कमाल ७० वॉट खातं, ए४००० बरोबर दुप्पट म्हणजे १४० वॉट.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोअर म्हणजे मोटारीचा एचपी, डेटाचा वेग म्हणजे पाइपलाइनचा व्यास आणि मेमरी म्हणजे शेततळं. मोटार नुसती मोठी असून भागत नाही. कोअर १.८५ पट असले तरी पाइपलाइन दीडपटच मोठी आहे, म्हणून काम सरसकट दुप्पट वेगाने होईल असं धरू नका. रेंडरिंगसारख्या निव्वळ आकडेमोडीच्या कामात दीड ते दोन पट धरायला हरकत नाही. इतर कामात त्याहून कमी.

मेमरीची गोष्ट वेगळी आहे. वेग कमी असला तर काम उशिरा होतं, पण मेमरी कमी पडली तर काम अडतंच. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये झाडं, गवत, फरशीचे मोठे फोटो असलेला सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर एकतर तो एकदम रेंगाळतो नाहीतर एरर देऊन बंद पडतो. त्यामुळे ए२०००चं ६ जीबीचं मॉडेल थ्रीडीच्या धंद्यासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १२ जीबीचंच घ्या. दोन्ही मॉडेल बाहेरून अगदी सारखी दिसतात, फसगत इथंच होते. कार्ड बसवल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन जीपीयूची डेडिकेटेड मेमरी किती दाखवतो ते दुकानातच बघा, मग पैसे द्या.

खरा खर्च कार्डाच्या बाहेर आहे

दुकानदार फक्त कार्डाचा भाव सांगतो. पण साडेसात एचपीची मोटार घेतली की केबल, स्टार्टर सगळंच बदलावं लागतं, तसंच इथं आहे.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. ए२००० ७० वॉटमध्ये भागवतं, त्यामुळे त्याला वेगळी वायर लागत नाही. स्लॉटमध्ये खोचलं की झालं. ए४०००ला पॉवर सप्लायमधून ६ पिनची वेगळी वायर द्यावीच लागते. पुण्यातल्या कंपन्यांनी काढून टाकलेली डेल, एचपीची छोटी ऑफिस मशीन आपल्याकडे सेकंड हँड खूप येतात. त्यांचा पॉवर सप्लाय साधारण २०० ते २६० वॉटचा असतो आणि ही वायर बहुतेकांत नसतेच. वरून ए४००० साडेनऊ इंच लांब आणि पूर्ण उंचीचं, ते छोट्या डब्यात मावत नाही. ए२००० साडेसहा इंचाचं आणि कमी उंचीचं आहे, पण त्याला शेजारशेजारच्या दोन स्लॉटची जागा लागते. ए४००० एकाच स्लॉटमध्ये बसतं. जाताना डब्याचं झाकण उघडून पट्टीने माप घेऊन जा. छोट्या डब्यासाठीची बारकी पट्टी बॉक्समध्ये आहे का, तेही विचारा.

आता यूपीएसचा हिशोब. आपल्याकडे सर्रास ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॉटच पेलतो. समजा प्रोसेसर १२५ वॉट, बाकी सामान ६०, मॉनिटर ३०. यात ए२०००चे ७० मिळवले तर २८५, चालून जातं. ए४०००चे १४० मिळवले तर ३५५. म्हणजे रेंडर जोरात चालू असताना लाइट गेली की यूपीएस टी-टी करून बंद पडणार. तेव्हा ए४००० घेणाऱ्याने १००० व्हीएचा यूपीएस त्याच बजेटमध्ये धरावा. नवा पॉवर सप्लाय, मोठा डबा आणि मोठा यूपीएस मिळवला की दोन कार्डांतलं अंतर दुकानात दिसतं त्यापेक्षा बरंच वाढतं.

विजेच्या बिलाची मात्र फार काळजी नको. रोज ८ तास दोन्ही पूर्ण ताकदीने चालवली तरी फरक दिवसाला ०.५६ युनिटचा, ३०० दिवसांचे १६८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,६८० रुपये.

अजून एक बारीक गोष्ट, पण घरी आल्यावर डोक्याला ताप होते. दोन्ही कार्डांवर एचडीएमआय नाही. ए४०००वर चार मोठे डिस्प्लेपोर्ट, ए२०००वर चार मिनी डिस्प्लेपोर्ट. मॉनिटर एचडीएमआयचा असेल तर कन्व्हर्टर सोबतच घ्या, तालुक्याला मिनीचा लवकर मिळत नाही.

मग कुणाला कुठलं परवडतं

मी एकच प्रश्न विचारायला सांगेन. काम चालू असताना तुम्ही मशीनपुढे बसून वाट बघता, की रात्री लावून झोपता?

रात्री ८ ला रेंडर लावून सकाळी ८ ला उठवायचं असेल, तर १२ तास हातात आहेत. ए२००० ने ते काम १० तासांत केलं काय आणि ए४००० ने ६ तासांत केलं काय, सकाळी गिऱ्हाइकाला द्यायचं ते तयारच असतं. तिथं जास्तीचे पैसे वाया. पण गिऱ्हाईक शेजारी खुर्चीत बसून 'ही भिंत पिवळी करून दाखवा, इथं पोर्च वाढवा' म्हणत असेल, किंवा काम १२ तासांतही उरकत नसेल, तर ए४००० आपले पैसे काढून देतं. रात्रीची लाइट बेभरवशाची असेल तिथंही काम लवकर उरकणं फायद्याचं. एक करा, ॲनिमेशन थेट व्हिडिओ म्हणून न काढता सुटे फोटो म्हणून काढा आणि शेवटी जोडा. लाइट गेली तर झालेलं काम वाचतं, पुढच्या फोटोपासून सुरू करता येतं.

ड्रोन मोजणीवाल्यांनी जरा थांबून विचार करावा. मेटाशेपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एकमेकांशी जुळवणं आणि खोली काढणं या टप्प्यांत कार्ड उपयोगी पडतं. बाकीचं बरंच काम प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. १६ जीबी रॅमच्या मशीनला ए४००० लावण्यापेक्षा ए२००० घेऊन उरलेल्या पैशांत ६४ जीबी रॅम टाकली, तर एका गावाचा नकाशा लवकर निघेल.

भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांसाठी सॉलिडवर्क्सवर पार्ट काढून देणाऱ्यांना प्रोफेशनल कार्डाचा खरा उपयोग आहे. या कार्डांचे ड्रायव्हर अशा सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेले असतात, आणि मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी सोय दोन्हीत आहे. मध्यम आकाराच्या असेंब्लीला ए२००० पुरतं.

साधं टूडी ऑटोकॅड करणाऱ्याने या दोन्हींच्या वाट्याला जाऊ नये, तिथं वेगवान प्रोसेसर लागतो. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांनीही नाही. नवे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये शूट करतात आणि ते फुटेज उलगडायची सोय या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांत नाही, मग ते ए४००० का असेना. त्यातलं एच.२६५ फुटेज इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं स्वतःचं ग्राफिक्स उलगडतं. प्रोसेसर घेताना शेवटी 'एफ' अक्षर असलेला घेऊ नका, त्यात ते ग्राफिक्स नसतं. ब्लेंडर, लुमिऑनवाल्यांनाही प्रमाणित ड्रायव्हरचं फारसं काही नाही. त्यांनी जीफोर्स आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीचा भाव आधी विचारावा. ३,५८४ कोअर, १७० वॉट. वीज जास्त खातं, पण प्रोफेशनल नावाचे पैसे वाचतात. त्याचंही ८ जीबीचं मॉडेल आहे, ते टाळा.

भाव करताना

ए२०००चं ६ जीबीचं मॉडेल अमेरिकेत ४४९ डॉलरला आलं होतं, ए४००० साधारण १००० डॉलरला. आता ही मागची पिढी झाली. २०२४ मध्ये आरटीएक्स २००० एडा आलं, त्यात तेवढ्याच ७० वॉटमध्ये १६ जीबी मेमरी मिळते. तेव्हा जुन्या कार्डाला कुणी नव्याचा भाव लावत असेल तर सरळ २००० एडाचा भाव विचारायचा, दुकानदाराचा सूर बदलतो.

बिल पक्कंच घ्या. कार्डावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तुमच्या धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर तो वजा करून घेता येतो. कच्च्या बिलात वाचलेले वाटणारे पैसे तिथंच जातात. ब्रँडेड वर्कस्टेशनमधून काढलेली सुटी कार्डं स्वस्त मिळतात, पण त्यांची वॉरंटी त्या मूळ मशीनबरोबर गेलेली असते. नव्या डबाबंद कार्डाला साधारण तीन वर्षांची असते. बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी दुकानातच जुळवून बघा.