स्याह कलम आणि पुण्याची चित्रशाळा

स्याह कलम म्हणजे केवळ काळ्या शाईत काढलेले लघुचित्र. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर खारीच्या केसांच्या कुंचल्याने आधी फिकट बाह्यरेषा काढायची, मग बारीक रेघा आणि ठिपके देत गालाची, पापणीची गोलाई उठवायची. रंग असलाच तर ओठांवर किंवा पागोट्याच्या कडेला, तोही पुसट. ही रीत मोगल दरबारात मुरली. चेहरा बहुधा एकचष्म, म्हणजे एकाच बाजूने दिसणारा, आणि त्यावर पडणाऱ्या उजेडाला दिशा नसते. माणूस ओळखू येतो तो रेघेच्या नेमकेपणाने.

पेशव्यांच्या पुण्यात चितारी बाहेरून येत. शनिवारवाड्याच्या भिंतींसाठी जयपूरचा भोजराज आला होता. 1828च्या आगीत वाडा जळाला, चित्रेही गेली.

एकरंगी चित्राला येथे वेगळे वळण लागले ते 1790च्या दशकात. इंग्रजांचा पुणे दरबारातील वकील चार्ल्स मॅलेट याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला आश्रय दिला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे वेल्सने केलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. अशा चित्रांआधी तो पेन्सिलीने आणि पातळ शाईने चेहऱ्यांची टिपणे करी. त्याच सुमारास पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली.

तिथला नामवंत कलावंत गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. वेरूळची लेणी, पर्वती, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, व्यायाम करणारे पैलवान असे त्याचे विषय. दरबारी तसबिरींपेक्षा हे पैलवानच अधिक जिवंत वाटतात. सावलीसाठी तो ठिपक्यांऐवजी पातळ रंगाचा हात फिरवी, त्यामुळे उजेड एका बाजूने येऊ लागला. बाह्यरेषा मात्र चिताऱ्याचीच राहिली, टोकदार आणि न तुटणारी. त्याला वेल्सचा निव्वळ मदतनीस म्हणणे अन्यायाचे आहे.

हा प्रयोग अल्पायुषी ठरला. 1795मध्ये सवाई माधवराव आणि वेल्स दोघेही वारले, दोन वर्षांनी मॅलेटने पुणे सोडले. पुढे 1878मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा छापखाना काढला, तेव्हा व्यक्तिचित्रे शिळाछापावर निघू लागली आणि एकेका कागदावरचे हातकाम मागे पडले. गंगारामाची बरीच मूळ चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.